उस्मानाबादी शेळीची करडं पहिल्या दहा दिवसांत का जातात, आणि ती कशी वाचवायची

प्रश्न थोडक्यात असा: धाराशिव जिल्ह्यात १८ उस्मानाबादी शेळ्या, एक बोकड, पत्र्याचा गोठा, खाली मुरूम. जुलै-ऑगस्टमध्ये २६ करडं झाली, त्यातली ११ पहिल्या दहा दिवसांत गेली. काही थंडीने आखडली, काही हगवणीने गेली, दोन-तीन तर सकाळी मेलेलीच दिसली. करडांसाठी कोणतं औषध किंवा टॉनिक घरात ठेवावं?

औषधाकडे येऊच, पण आधी तारीख मागे मोजा. शेळी साधारण १५० दिवसांनी विते, चार-पाच दिवस इकडेतिकडे. २० जुलैला व्यालेली शेळी २० फेब्रुवारीच्या सुमाराला फळलेली, म्हणजे गाभण राहिलेली असते. पोटातल्या करडाचं जवळजवळ ७० टक्के वजन शेवटच्या दीड महिन्यात वाढतं. तुमच्याकडे तो दीड महिना आला जूनमध्ये, रानात काडी नाही आणि कडबा संपत आलेला. शेळी रोडावली, चीक म्हणजे व्याल्यावरचं पहिलं दूध कमी उतरलं, सव्वादोन किलोच्या जागी दीड किलोचं करडू झालं, आणि ते पडलं ओल्या मुरमावर. अशा करडाला टॉनिक पाजून फार काही हाती लागत नाही. ११ पैकी निम्म्याहून जास्त मरण फेब्रुवारीतच ठरलं होतं, असं मी म्हणेन.

म्हणून पहिलं काम बोकड वेगळा बांधण्याचं. कळपात वर्षभर मोकळा फिरणारा बोकड असला की वेताची तारीख तुमच्या हातात राहत नाही. बोकड किमान तीन-चार आठवडे शेळ्यांना दिसणार नाही, त्याचा वास येणार नाही इतका लांब ठेवा आणि मग एकदम आणा. बऱ्याच शेळ्या आठ-दहा दिवसांत माजावर येतात, आणि वेतंही पंधरा-वीस दिवसांच्या टप्प्यात येतात. एका माणसाला रात्री जागून लक्ष देता येईल असा कालावधी मिळतो, हा त्याचा मोठा फायदा.

आपल्या भागात शेळ्या बोकडाला लावण्याचे दोन हंगाम चांगले. पहिला मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत. १५ जूनला फळलेली शेळी १२ नोव्हेंबरच्या आसपास विते. तिचे शेवटचे दोन महिने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात, बांधावर हिरवं गवत, झाडाला पाला. करडं कोरड्या जमिनीवर पडतात आणि कडाक्याच्या थंडीपर्यंत महिन्याची होतात. दुसरा हंगाम सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. १ ऑक्टोबरला फळलेली शेळी फेब्रुवारीच्या शेवटी विते. तेव्हा तुरीचं भुसकट आणि हरभऱ्याचा भुसा ताजा असतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. 'दोन वर्षांत तीन वेतं' हे गणित सगळीकडे सांगितलं जातं. आठ-आठ महिन्यांनी लावायचं म्हटलं तर क्रम असा येतो: जूनमध्ये फळली, नोव्हेंबरमध्ये व्याली, फेब्रुवारीत फळली, जुलैत व्याली, ऑक्टोबरमध्ये फळली, मार्चमध्ये व्याली. म्हणजे तिन्हीतलं एक वेत हमखास भर पावसात. ज्याच्याकडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच फळ्यांचा मचाण आहे, ओल वर येत नाही, त्याने ते वेत जरूर घ्यावं. मुरमाच्या जमिनीवर ते घेऊ नका. शेळीला तेवढी विश्रांती मिळते, आणि पुढच्या वेताला जुळी-तिळी धरण्याची तिची ताकदही शाबूत राहते.

लावण्याआधी दोन-तीन आठवडे प्रत्येक शेळीला रोज २०० ग्रॅम खुराक सुरू करा. वजन वाढत्या अंगाला असताना फळलेली शेळी जास्त अंडी सोडते, जुळ्यांचं प्रमाण वाढतं. पाट, म्हणजे अजून न व्यालेली तरुण मादी, २०-२२ किलोची झाल्याशिवाय लावू नका, मग ती आठ महिन्यांची असो की बाराची. लवकर फळलेली पाट अडते, दूध देत नाही, आणि स्वतःही खुजी राहते.

माज १८ ते २१ दिवसांनी येतो आणि २४ ते ४८ तास टिकतो. शेपूट सारखं हलवणं, ओरडणं, निरणातून (योनीतून) पातळ स्राव, दुसऱ्या शेळीवर चढणं ही खूण. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी लावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. संध्याकाळी दिसला तर सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी. तारीख तिथेच वहीत लिहा. २१ दिवसांनी पुन्हा माज आला नाही तर गाभण धरा.

बोकडाबाबत कंजुषी नको. एका प्रौढ बोकडाला २०-२५ शेळ्या पुरे; वर्षाच्या आतला असेल तर दहाच. जुळ्यातला, दुधाळ शेळीच्या पोटचा, दोन्ही अंड सारखी आणि पूर्ण उतरलेली असा बघून घ्या. आणि शिंगं असलेला घ्या. उस्मानाबादी माद्यांमध्ये भुंड्या, म्हणजे बिनशिंगी, बऱ्याच निघतात. भुंड्या मादीला भुंडाच बोकड लावला तर काही करडं धड नर ना धड मादी अशी जन्मतात आणि ती कधीच फळत नाहीत. शिंगाळू बोकडाने हा धोका राहत नाही. दोन वर्षांनी बोकड बदलाच, नाहीतर तो स्वतःच्याच पाटींवर जातो आणि करडं दरवेतागणिक नाजूक होत जातात. पैदाशीचा नर पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रांवर मिळतो. बाजारातून घेतला तर २१ दिवस कळपापासून वेगळा ठेवा.

आता गाभणकाळ. पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका. गर्भाला व्यंग येऊ शकतं. जंतनाशक द्यायचंच असेल तर फेनबेंडाझोल, तेही डॉक्टरांना वजन सांगून. गाभण शेळ्या अरुंद दारातून रेटून आत घेऊ नका आणि बुरशी आलेलं भुसकट कितीही महाग पडलं तरी टाकून द्या. गाभडण्याची, म्हणजे गर्भ पडण्याची, ही दोन साधी कारणं आहेत. एकापाठोपाठ दोन-तीन शेळ्या गाभडल्या तर मात्र ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी करून घ्या. तो माणसालाही होतो. गाभडलेलं आणि वार उघड्या हाताने उचलायची नाही, कुत्र्याला द्यायची नाही, चुना टाकून खोल पुरायची. घरातल्या गरोदर बाईने त्या कामाला हात लावायचा नाही.

शेवटच्या ४५ दिवसांत ३० किलोच्या शेळीला साधारण तीन किलो हिरवा चारा, अर्धा किलो द्विदल भुसकट आणि २५० ते ३०० ग्रॅम खुराक द्या. शंभर किलो खुराक घरी करायचा तर मका भरडा ५०, शेंगदाणा पेंड २५, तूर किंवा हरभरा चुनी २२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. एकदम सुरू करायचा नाही. दर तीन-चार दिवसांनी ५० ग्रॅम वाढवत न्या, नाहीतर पोटात आम्ल वाढून शेळी चारा सोडते. जुळी-तिळी पोटात असलेल्या शेळीचं पोट शेवटच्या महिन्यात करडांनीच भरलेलं असतं, एका वेळी तिला फार खाता येत नाही. खुराक दोनदा विभागून द्या. अशी शेळी कोपऱ्यात मान टाकून उभी राहिली, दात खायला लागली, तोंडाला गोडसर रसायनासारखा वास आला तर ती गाभण-विषबाधा आहे. रक्तातली साखर उतरलेली असते. प्रोपिलिन ग्लायकॉल ६० मिली दिवसातून दोनदा पाजा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. उद्यावर टाकलं तर शेळी आणि करडं दोन्ही जातात.

व्यायच्या तीन-चार आठवडे आधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. ही तारीख बहुतेक जण चुकवतात. शेळीच्या वारेतून करडाला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती फक्त चिकातून मिळते. त्यामुळे आईला वेळेवर टोचलेली लस हीच करडाची पहिली लस.

व्यायची वेळ जवळ आली की शेपटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बोटं दाबून बघा. एरवी पेन्सिलीसारख्या कडक लागणाऱ्या दोन शिरा सैल पडून हाताला लागेनाशा होतात, तेव्हा बहुधा दिवसभरात शेळी विते. कास तट्ट भरते, सड चकाकतात, शेळी पायाने जमीन उकरते, ऊठबस करते. तिला चार बाय चार फुटाच्या कोरड्या खणात घ्या. खाली चुना भुरभुरून त्यावर कडब्याची कुट्टी किंवा भाताचा पेंढा आणि वर धुतलेलं गोणपाट. जवळ ठेवायचं सामान इतकंच: टिंक्चर आयोडीन, उकळलेली कात्री, जाड दोरा, कोरडे कपडे, खाद्यतेल किंवा लिक्विड पॅराफिन, हातमोजे, थर्मामीटर, शंभर मिलीची निप्पलची बाटली.

पाणमोट फुटल्यावर करडू अर्ध्या ते एका तासात बाहेर येतं. योग्य रचना म्हणजे पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक. मागचे दोन पाय आधी आले तरी चालतं, फक्त कंबर सुटली की लगेच ओढून काढायचं. तोवर नाळ दबलेली असते आणि करडू आतलं पाणी ओढून गुदमरतं. शेळी अर्धा तास जोराने कळा देते आणि काहीच पुढे सरकत नाही, तर हात घालून बघावं लागतं. नखं कापा, कोपरापर्यंत हात धुवा, मोजा घाला, भरपूर तेल लावा. कळ थांबलेली असताना हात सरकवा.

हाताला पाय लागला तर तो पुढचा की मागचा हे असं ओळखा: खुराच्या वरचा सांधा आणि त्याच्या वरचा मोठा सांधा दोन्ही एकाच दिशेला वाकत असतील तर पुढचा पाय; उलट दिशांना वाकत असतील तर मागचा. दोन पाय ओढण्याआधी ते एकाच करडाचे आहेत ना, हे पायावरून छातीपर्यंत हात नेऊन तपासा. जुळ्यांत एकाचा एक आणि दुसऱ्याचा एक असे पाय धरून ओढले की दोन्ही अडकतात. पाय दुमडलेला असेल तर करडाला आत ढकलून जागा करा, खूर तळहाताच्या वाटीत झाकून घ्या आणि मग पाय सरळ करा. उघडं खूर गर्भपिशवीला भोक पाडतं. डोकं मागे वळलं असेल तर बोटं जबड्यामागे अडकवून ते पुढे आणायचं, दोरीने मान ओढायची नाही. ओढायचं ते फक्त कळेबरोबर आणि खाली, शेळीच्या मागच्या खुरांच्या दिशेने. नुसती शेपटीच हाताला लागली, किंवा वीस मिनिटांत काही जुळलं नाही, तर थांबा आणि १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या क्रमांकावर फोन करा. पुढे रेटत राहिलं तर शेळी फाटते.

वार दोन ते सहा तासांत पडते. बारा तास झाले तरी नाही पडली तर डॉक्टर. लोंबणारी वार ओढायची नाही आणि तिला दगड बांधायचा नाही. रक्तस्राव होऊन किंवा गर्भपिशवी बाहेर येऊन धडधाकट शेळी हातची जाते.

करडू बाहेर आलं की आधी नाका-तोंडातला चिकटा बोटाने काढा. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवा आणि छाती कोरड्या कपड्याने जोराने चोळा. मग ते शेळीच्या तोंडापुढे ठेवा. चाटण्याने अंग कोरडं होतं आणि शेळी त्याचा वास ओळखते. पहिलारू शेळी करडाला झटकत असेल तर वारेचं पाणी करडाच्या अंगाला लावा आणि दोघांना त्या खणात दोन दिवस कोंडा. बहुतेक शेळ्या घेतात.

नाळ आपोआप तुटली नसेल तर बेंबीपासून दोन इंचावर दोरा बांधून त्याखाली कापा. नंतर बाटलीचं तोंड बेंबीला लावून नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवा. कापसाने पुसल्यासारखं लावून काम होत नाही, टोकाच्या आतल्या पोकळीत औषध जायला हवं. दोन-तीन दिवस रोज एकदा. हे चुकलं की पाच-सात दिवसांनी गुडघे सुजलेलं, लंगडणारं करडू दिसतं. लोक त्याला शेळीने तुडवलं समजतात, प्रत्यक्षात बेंबीतून गेलेला जंतू सांध्यात उतरलेला असतो.

आणि आता चीक. सगळ्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. करडाच्या आतड्यातून प्रतिकारशक्तीचे घटक थेट रक्तात जातात, पण ती वाट तासागणिक बंद होत जाते आणि २४ तासांनी जवळजवळ मिटते. म्हणून पहिला घोट अर्ध्या-एक तासात. 'वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही' ही अजून कित्येक घरांत पाळली जाणारी समजूत करडांच्या जिवावर उठते. वार पडायला सहा तास लागले तर तोवर अर्धी संधी गेलेली असते. आधी प्रत्येक सडाच्या दोन-तीन धारा काढा. सडाच्या टोकाला मेणासारखा बूच असतो, तो निघत नाही तोवर अशक्त करडू कितीही चोखो, त्याला काही मिळत नाही. पहिल्या २४ तासांत वजनाच्या दहा टक्के चीक पोटात गेला पाहिजे. सव्वादोन किलोच्या करडाला साधारण २२५ मिली, म्हणजे ५० मिलीच्या चार-पाच वेळा. चोखताना शेपूट हलतंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. पोटाखाली हात घालून बघा. पोट भरीव लागलं पाहिजे, बरगडीमागे खळगा नको.

चांगल्या दुधाच्या शेळीचा जादा चीक शंभर मिलीच्या बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. लागेल तेव्हा हाताला सोसेल अशा कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवा. उकळला की त्याचा खरवस होतो, औषधी गुण संपतो. शेळीचा नसेल तर नुकत्याच व्यालेल्या गाईचा चीक चालतो.

थंडीने आखडलेल्या करडांबद्दल. करडाच्या तोंडात बोट घाला. तोंड कोमट आणि बोट चोखलं तर ठीक. तोंड गार लागलं तर थर्मामीटर लावा. करडाचं तापमान १०२ ते १०४ फॅरनहाइट असतं. ९९ च्या खाली गेलेल्या करडाला दूध पाजायचं नाही. गार करडाला गिळता येत नाही, दूध फुफ्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया. आधी अंग कोरडं करा, खोक्यात गोणपाटावर ठेवून कोमट पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून दोन्ही बाजूंना लावा किंवा दीड-दोन फुटांवर साठचा बल्ब लावा. तापमान १०० च्या वर आलं, मान उचलली, बोट चोखलं, की चीक. करडू पाच-सहा तासांहून मोठं आणि उपाशी असेल तर मात्र ऊब देण्याआधी डॉक्टरांकडून पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन हवं, कारण अंगात साखर नसताना ऊब दिली की ते झटके येऊन जातं. सकाळी मेलेली दिसणारी करडं बरीचशी अशी रात्री उपाशी राहिलेली असतात, म्हणून रात्री अकराला आणि पहाटे चारला प्रत्येक पोटावरून हात फिरवा.

पहिल्या दिवशी काळी चिकट शी होते, नंतर पिवळी डिंकासारखी. ती शेपटाखाली वाळून गुदद्वार बंद होतं आणि करडू पोट फुगून कुंथत राहतं. कोमट ओल्या कपड्याने पुसा.

बाटलीवर वाढवायचं करडू असेल तर पहिल्या आठवड्यात ४०० मिलीपर्यंत दूध चार-पाच वेळा विभागून, अंगाला कोमट लागेल इतकं. दुधात पाणी घालू नका. करडू उभं किंवा पोटावर बसलेलं हवं, उताणं धरून पाजायचं नाही.

पहिल्या आठवड्यातली हगवण बहुतेक वेळा ओल्या, लघवीने भिजलेल्या जमिनीतून येते. दूध बंद करू नका. मधल्या वेळी ओआरएसचं पाणी ५०-६० मिली करून पाजत राहा. तीन आठवड्यांपुढे शेपूट मळलेलं, शीमध्ये रक्त किंवा आव दिसली तर ती रक्ती हगवण. त्याला जंताचं औषध लागू पडत नाही, लेंडी तपासून अँप्रोलियमसारखं औषध डॉक्टर देतात. गव्हाणीत करडं पाय घालतात तिथेच ही लागण फिरते, म्हणून गव्हाणीला आडवी पट्टी मारा. पिसवांकडेही बघा, त्या लहान करडाचं इतकं रक्त पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. उपाय गोठ्याच्या भेगांत करा. महिन्याच्या आतल्या करडावर मोठ्या जनावराचं गोचीडनाशक टाकू नका.

दुसऱ्या आठवड्यापासून शेवरी किंवा सुबाभळीच्या कोवळ्या डहाळ्या करडाच्या तोंडाच्या उंचीला टांगा. महिन्याचं झालं की ५० ग्रॅम खुराक, तीन महिन्यांपर्यंत दीडशेपर्यंत. तीन महिन्यांच्या पुढे पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस, चार महिन्यांना आंत्रविषाराची आणि तीन आठवड्यांनी तिचाच दुसरा डोस. नर करडं चौथ्या महिन्याच्या आत वेगळी करा, ती पाटींना लवकर फळवतात.

एक लटकता काटा विकत घ्या. जन्माचं वजन, महिन्याचं आणि तीन महिन्यांचं वजन शेळीच्या बिल्ल्यापुढे लिहा. नव्वद दिवसांत नऊ किलोच्या आसपास गेलेलं करडू चांगलं. जिची करडं दोन वेतं सातच्या पुढे गेली नाहीत, तिला पुढच्या मेमध्ये बोकडाकडे नेऊ नका, विकून टाका. तिच्या वाट्याचा खुराक तिळी देणाऱ्या शेळीला जाऊ द्या.